गिटारीची साथ व आपलीं भजनें



आपल्या पुष्कळ मंडळ्यांत पेटी व तबल्याच्या शेजारीं आतां गिटार येऊन बसली आहे. कांहीं वडील माणसें ह्याविषयीं नाखूष आहेत; आम्ही नाहीं. परंतु डी, जी व ए ह्या तीन कॉर्ड हातांत बसल्या कीं वाजविणाऱ्यास त्या रुक्ष वाटूं लागतात, आणि मग तो तारांवर जोर करितो. जोरानें साथ भरदार होत नाहीं. गाणाऱ्यांचे शब्द मात्र बुडतात. ज्या आजीबाईंस अक्षरओळख नाहीं, त्यांचें बरेंचसें शास्त्र पदांतच सांठविलेलें असतें. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14 व्या अध्यायांत पौलाचा विषय अन्य भाषांचा आहे, तथापि पांवा व वीणा यांचें उदाहरण त्यानें घेतलें आहे, तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तर मग जोर न करितां गोडी कशी आणावी? डीची कॉर्ड धरा. पेटीवरील पांढरी दोन हा आपला षड्ज समजा. सर्वांत बारीक तार ती पहिली. चौथी तार मोकळी, ती षड्ज. तिसरी दुसऱ्या पडद्यावर, ती पंचम. दुसरी तिसऱ्या पडद्यावर, ती वरचा षड्ज. आणि पहिली दुसऱ्या पडद्यावर, ती गंधार. आतां बाकी बोटें तशींच ठेवून करांगुली पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर टेका. गंधाराच्या जागीं मध्यम बोलेल. करांगुली उचला, गंधार परत येईल. पहिली तार अगदीं मोकळी सोडिली तर रिषभ मिळेल. एका बोटाची ही हालचाल आहे, पण तिच्यामुळें कॉर्ड जिवंत होते. ती ओळीच्या शेवटीं, मंडळी श्वास घेते तेथें करावी. शब्दांवर करूं नये.

जीवरून डीवर येतांना एकदम उडी मारूं नका. सहाव्या तारेचा तिसरा पडदा, पांचवी मोकळी, तिचाच दुसरा पडदा, मग चौथी मोकळी. म्हणजे मध्यम, पंचम, धैवत, षड्ज. पायऱ्या चढून घरांत आल्यासारखें वाटतें.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे, आणि आमच्या मतें ती सर्वांत महत्त्वाची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919) यांनी देशी वळणाचीं पदें व अभंग रचिले, आणि अशीं भजनें आजही आपण रागदारीच्या चालींवर गातों. चाल भैरवीची असेल तर गंधार कोमल असतो. गाणारा कोमल गंधार लावितो आणि गिटार शुद्ध गंधार वाजविते. दोघांचें भांडण साऱ्या मंडळीस ऐकूं येतें! अशा वेळीं पहिली तार छेडूंच नये. चौथी, तिसरी व दुसरी ह्या तीनच तारा वाजवाव्या. षड्ज, पंचम, षड्ज एवढेंच उरतें, आणि तें तंबोऱ्याच्या जवळ जातें. भैरवींत मध्यम शुद्धच असल्यामुळें करांगुलीचा मध्यम चालेल. मोकळ्या तारेचा रिषभ मात्र चालणार नाहीं, कारण तेथें तोही कोमल आहे.

चाल कोणती हें कळत नसेल तर पेटीवाल्या काकांस आधीं विचारावें. ध्वनिवर्धक असला तर गिटारीचा आवाज इतकाच ठेवावा कीं शेवटच्या रांगेंतल्या बाईचें गाणें वाजविणाऱ्यास ऐकूं यावें. आणि उपासनेपूर्वीं तारा पेटीशीं जुळवून घ्याव्या. पेटी कांहीं गिटारीशीं जुळवितां येत नाहीं.