सातपुड्याचा पायथा, पूर्णाकाठ आणि वाढती वस्ती

संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग असून दक्षिणेस पूर्णा नदी आहे. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी चांगदेव येथे तापीस मिळते. सातपुड्यातून उतरणारी वान नदी पूर्णेचीच उपनदी होय. डोंगर ते नदी हे अंतर थोडे. परंतु तेवढ्यात पाण्याची जात पालटते.

डोंगरात वस्ती विरळ आहे. १९९७ साली अंबाबरवा अभयारण्य झाल्यानंतर तेथील काही गावे खाली वसविण्यात आली. सोनाळा, टुनकी या पायथ्याच्या भागात मात्र शेती व वस्ती दाट झाली. येथे डोंगरातून वाहून आलेले गोटे, रेती व गाळ यांचे जाड थर आहेत. त्यांत पावसाचे पाणी खोल मुरते, आणि त्या गोड्या पाण्यावरच संत्र्याच्या बागा उभ्या आहेत. बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या १९६१ साली साडेदहा लाखांच्या आसपास होती. २०११ साली ती २५,८६,२५८ झाली. माणसे वाढली, विहिरी व कूपनलिका वाढल्या. पाणी मुरविणारा पट्टा मात्र होता तेवढाच राहिला. त्यामुळे पाण्याची पातळी खोल गेली आहे.

पायथ्याचे पाणी आटल्यास दक्षिणेकडून ते भरून निघणार नाही. पूर्णाकाठी खारपाणपट्टा आहे. तेथील खारे पाणी पिकास दिल्यास काळी माती फुगून घट्ट होते व पाणी आत शिरू देत नाही. पिण्यासही ते अपायकारक. म्हणूनच वान धरणातून नळयोजना आणावी लागली.

बांधकाम सुचविताना कार्यकर्त्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा. पायथ्याला अस्तर नसलेल्या शेततळ्यात पाणी टिकत नाही. ते मुरते, आणि तेथे तेच हवे आहे. फक्त तळाशी साचलेला बारीक गाळ दर उन्हाळ्यात काढावा, नाहीतर मुरणे थांबते. खारपाणपट्ट्यात चिकण मातीमुळे शेततळे पाणी धरते; त्यातून खरिपाच्या खंडात एक पाणी देता येते.

गावातील दोन-तीन विहिरी निवडून मे व ऑक्टोबर महिन्यांत पातळी दोराने मोजावी. मोजणी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी करावी. उपशानंतरचा आकडा फसवा असतो.