मोरी, व्हाळ आणि काथ्याची जाळी

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. सह्याद्रीचा माथा आणि समुद्रकिनारा यांतील अंतर थोडे असल्यामुळे गड, कर्ली यांसारख्या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य व्हाळ उताराने वेगात धावतात. या धावत्या पाण्याचा पहिला आघात सोसावा लागतो तो वाडीवाडीच्या रस्त्यांवरील मोऱ्यांना आणि व्हाळांच्या मातीच्या काठांना. एखादी मोरी खचली तर वाडीचा गावाशी असलेला संबंध तुटतो. विद्यार्थ्यांना शाळेत आणि रुग्णांना दवाखान्यात पोहोचणे कठीण होते. काठ ढासळला तर व्हाळालगतच्या भातखाचराचा बांध त्याबरोबर जातो. म्हणूनच काठ व मोरी यांच्या संरक्षणाचा प्रश्न ग्रामपंचायतींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

धूप का होते?

रुंद पात्रातून येणारे पाणी मोरीच्या अरुंद नळात शिरले की त्याचा वेग वाढतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर मातीवरील त्याची ओढ सुमारे चौपट होते. नळातून बाहेर पडणारे असे पाणी समोरच्या उघड्या मातीवर आदळते आणि तेथे खड्डा पडतो. हा खड्डा दर पावसाळ्यात मागे सरकत मोरीच्या पायापर्यंत येतो. पायाखालील माती निघून गेल्यावर आधारभिंतींना तडे जातात आणि शेवटी रस्त्याची कड कोसळते. बांधकाम पक्के असूनही मोरी निकामी होते, याचे कारण बहुधा तिच्या दोन्ही तोंडांशी असलेल्या असंरक्षित मातीत सापडते.

उघड्या मातीचे उत्तम संरक्षण म्हणजे गवताची दाट मुळे. परंतु नव्याने केलेल्या भरावावर गवत रुजण्यापूर्वीच पहिल्या सरी बीज आणि माती दोन्ही धुऊन नेतात. हा मधला नाजूक काळ निभावून नेण्यासाठी खुंट्यांनी जखडलेल्या जाळीदार चटईचा उपयोग होतो.

काथ्याचे भूवस्त्र

अशा चटया अनेक पदार्थांपासून तयार होतात. त्यांपैकी नारळाच्या काथ्याची जाळी कोकणास सर्वांत जवळची. काथ्यात लिग्निन या घटकाचे प्रमाण अधिक असल्याने तो ओलाव्यात सावकाश कुजतो. साधारणतः दोन ते चार वर्षे ही जाळी माती धरून ठेवते. तेवढ्या अवधीत गवत व झुडपे मूळ धरतात आणि जाळी मातीत मिसळून जाते. प्लॅस्टिकच्या जाळीचे तुकडे मात्र पुरात वाहून खाडीत जातात. १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्य मालवणच्या किनाऱ्यावर आहे, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भारतीय मानक ब्यूरोने काथ्याच्या भूवस्त्रांसाठी मानके निश्चित केली आहेत. दर चौरस मीटरला ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम अशा वजनांत ही जाळी मिळते. सौम्य उतारास हलकी, व्हाळाच्या काठास मध्यम आणि तीव्र उतारास जड जाळी निवडणे इष्ट ठरते. २०२० साली प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात सात राज्यांतील १,६७४ किलोमीटर रस्त्यांसाठी अशी भूवस्त्रे वापरण्याचे केंद्र शासनाने ठरविले. त्यांत महाराष्ट्राचा वाटा ३२८ किलोमीटरचा होता. एक हजार सोडणांपासून सुमारे ८० किलो काथ्या मिळू शकतो. एरवी चुलीत जाणाऱ्या सोडणांना यामुळे मोल येते आणि काथ्या वळणाऱ्या हातांना काम मिळते.

जाळी कशी अंथरावी?

प्रथम काठाचा उभा कडा छाटून त्यास सुमारे दोनास एक असा उतार द्यावा आणि दगड, मुळे व ढेकळे काढून पृष्ठभाग सपाट करावा. स्थानिक गवताचे बी पेरावे. काठाच्या माथ्यावर सुमारे ३० सेंटिमीटर रुंद व तितकाच खोल चर खणून त्यात जाळीची वरची कड पुरावी आणि माती ठोकून बसवावी. रस्त्याच्या भरावावर जाळी वरून खाली उलगडावी. व्हाळाच्या काठी ती प्रवाहाच्या दिशेने आडवी अंथरावी. येथे कामास खालच्या अंगाने सुरुवात करावी, म्हणजे वरच्या जाळीचे टोक खालच्या जाळीवर येते. कौले शाकारण्याची रीत हीच आहे. जोडावर किमान १५ सेंटिमीटर जाळी एकावर एक यावी.

त्यानंतर सुमारे एक मीटर अंतरावर, जोडांवर व कडांवर त्याहून जवळ, लोखंडी सळईच्या वाकविलेल्या किंवा बांबूच्या खुंट्या ठोकाव्यात. जाळी ताणून बसवू नये. ती सर्वत्र मातीस चिकटून राहिली पाहिजे, कारण जाळीखाली पोकळी राहिली की पाणी तेथूनच वाट काढते. काठाचा पायथा दगडांनी दाबून घ्यावा. जाळीच्या छिद्रांतून वाळ्याचे फुटवे व पाण्यालगत वाळुंज, शेरणी किंवा निर्गुडी लावावी.

हे काम मे महिन्याच्या उत्तरार्धात, रोहिणी नक्षत्राच्या सुमारास पूर्ण झाल्यास पहिल्या पावसाबरोबर बी रुजते. पहिले वर्षभर मोकाट गुरांपासून काठाची राखण करणे अत्यावश्यक आहे.

मर्यादा

काथ्याची जाळी हा दगडी बांधकामाचा पर्याय नव्हे. मोरीच्या मुखाशी जेथे पाणी थेट आदळते, तेथे दगडांचे अस्तर घालणेच योग्य. त्याच्या पुढील पात्रात आणि दोन्ही काठांवर जाळीचे काम सुरू होते. मोरीचा नळच पाण्याच्या मानाने लहान असेल, तर कोणतीही चटई तिला वाचवू शकणार नाही. अशा ठिकाणी अभियंत्यांचा सल्ला घेऊन नळ मोठा करावा लागेल. काम हाती घेण्यापूर्वी मोरी ज्या खात्याच्या ताब्यात असेल, त्याची संमतीही घ्यावयास हवी.

गावाचा सहभाग

पावसाळ्यापूर्वी गावातील प्रत्येक मोरीची पाहणी करून खड्डे, तडे व तुंबलेला गाळ यांची नोंद ठेवल्यास ग्रामसभेत कामांचा क्रम ठरविणे सोपे जाते. पहिल्या मोठ्या पावसानंतर उपटलेल्या खुंट्या पुन्हा ठोकणे, हे चार माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम असते. ते टाळले तर सुटलेल्या कडेखालून सर्व जाळी उचलली जाते.

शिक्षकांना हा विषय वर्गातच समजावून देता येईल. दोन उतरत्या खोक्यांत सारखी माती भरून एकीवर काथ्याची जाळी खिळवावी आणि दोन्हींवर झारीने सारखेच पाणी ओतावे. खाली ठेवलेल्या भांड्यांतील पाण्याचा रंग पाहिला, की जाळी काय राखते ते विद्यार्थ्यांना कळते. शेताची माती शेतात आणि मोरी जागेवर राहावी, यासाठी लागणारे साहित्य कोकणाच्या परसातच वाढते. योग्य वेळी योग्य जागी त्याचा वापर करणे हे गावाच्या हाती आहे.