लाली गेली म्हणजे डोळा बरा झाला?

तलवाड्यासारख्या गावात डोळा चुरचुरायला कारणांची वानवा नाही. गेवराई तालुक्यातला उन्हाळा, कापूस वेचणीतली धूळ, ऊसतोडीत अंगावर येणारे पाचट, चुलीचा धूर आणि आता रात्री उशिरापर्यंतचा मोबाइल. उपाय मात्र बहुतेक घरांत एकच असतो: मेडिकलमधून डोळ्याचा ड्रॉप आणायचा, नाहीतर कोनाड्यातली जुनी बाटली काढायची. थेंब पडतो, आग शमते, लाली ओसरते आणि औषध लागू पडले असे सगळे धरून चालतात. माझा आक्षेप ड्रॉपला नाही, या समजुतीला आहे. डोळ्याच्या बाबतीत आराम हा बरे होण्याचा पुरावा नसतो. जे थेंब सर्वांत लवकर आराम देतात, त्यांतलेच काही सर्वांत जास्त घात करतात.

स्टिरॉइडचे थेंब घ्या. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांतली नेहमीची नावे. अनेकदा ती अँटिबायोटिकच्या जोडीने एकाच बाटलीत असतात, म्हणून घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. स्टिरॉइड सूज दाबते, मग ती कशाचीही असो. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावीत असा कायदा आहे, पण प्रत्यक्षात ती तोंडी मागणीवरही मिळतात. काही आठवडे रोज घातली तर साधारण तिघांतल्या एकाच्या डोळ्यातला दाब वाढतो. हा दाब दुखत नाही. त्यातून काचबिंदू झाला तर आधी कडेचे दिसणे कमी होते आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही अकाली होतो. दर उन्हाळ्यात ॲलर्जीने डोळे खाजणाऱ्या मुलांना हा धोका विशेष आहे, कारण गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर आई-वडील तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतात आणि मूल चोळायचे थांबले की निश्चिंत होतात. शेतकऱ्याच्या डोळ्याला पात किंवा कुसळ लागले तर गोष्ट आणखी वाईट. अशा जखमेतून बुबुळात बुरशी शिरू शकते. स्टिरॉइडने दोन दिवस बरे वाटते आणि त्या आडून बुरशी खोल जाते.

जुलै 2023मध्ये आळंदीपासून सुरू होऊन राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, तेव्हाही ड्रॉपकडेच धाव होती. अशी साथ बहुधा विषाणूची असते. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. डोळे एक-दोन आठवड्यांत आपोआप निवळतात आणि श्रेय त्या वेळी हाती असलेल्या बाटलीला जाते. नुसती लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसून टाकतात. त्यांचा असर उतरला की डोळा पुन्हा लाल होतो, माणूस पुन्हा थेंब घालतो.

यावर कोणी म्हणेल, डोळे दाखवायला गेवराईला किंवा बीडला जायचे म्हणजे रोज बुडतो, आणि प्रत्येक चुरचुरीला कोण जाणार? म्हणणे खरे आहे, आणि प्रत्येक चुरचुरीला जायची गरजही नाही. मोबाइल पाहताना पापण्या कमी लवतात, म्हणून डोळा कोरडा पडतो. त्याला विश्रांती पुरते. चाळिशीनंतर जवळचे पाहताना डोळे शिणत असतील तर थेंब नव्हे, चष्मा लागतो. पण दुखणे, उजेड सहन न होणे, अंधुक दिसणे, बुबुळावर पांढरा ठिपका किंवा डोळ्याला काही लागलेले असणे, यांतले एक जरी असेल तर त्याच दिवशी जावे. बुबुळाच्या जखमेवर उपचाराला उशीर झाला तर बुडालेल्या रोजापेक्षा फार मोठी किंमत पडते. दुसरे म्हणणे घरगुती उपायांचे: मध, गुलाबजल, एरंडेल तर निरुपद्रवी ना? नाही. ते पोटात चालते, कारण पोट जंतू पचवते. डोळ्यात जायचे ते निर्जंतुकच हवे.

साध्या कोरडेपणाला कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतात. बाटलीवर कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज असे काही लिहिलेले असते. तेही डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखे नाहीत. 2023मध्ये अमेरिकेत, तमिळनाडूत बनलेल्या अशाच थेंबांशी जोडलेल्या जंतुसंसर्गात 81 जण सापडले. 14 जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चार जण दगावले. ती कारखान्यातली चूक होती, पण बाटलीचे तोंड पापणीला किंवा बोटाला टेकले तर जंतू घरातही आत जातात. म्हणून आधी हात धुवावेत, खालची पापणी ओढून एकच थेंब सोडावा. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, बाकीचा गालावर वाहतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरा ड्रॉप असेल तर पाच मिनिटांनी. बाटली ज्याची त्याचीच, नवराबायकोतही वाटून नव्हे. उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी आणि महिना झाला की अर्धी उरली तरी टाकून द्यावी. थेंब घालूनही दोन-तीन दिवसांत फरक नसेल, तर तो बदलून दुसरा मागू नये. बाटली सोबत घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, कारण आत काय होते हे त्यांना आधी कळायला हवे.