‘या वयात होतंच’ ऐकून गप्प बसू नका

‘फ्रोझन शोल्डर आहे, या वयात होतंच,’ असं पहिल्या डॉक्टरांनी खुर्चीवरून न उठताच सांगून टाकलं. खांद्याला हातसुद्धा लावला नाही. मी परत परत सांगत होते की हात अडकत नाही, वर टिकत नाही. फडताळातून डबा काढताना निसटतो, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. ते चिठ्ठी लिहीत राहिले. गोळ्या आणि ‘हात वापरू नका, आराम करा.’

दुसऱ्या डॉक्टरांनी माझा हात स्वतः धरून वर नेला. सहज कानाशी गेला. ‘आता तुम्ही धरा,’ म्हणून त्यांनी सोडला आणि हात धपकन खाली आला. संतापाने मला रडू फुटलं. फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी हात पूर्ण वर जात नाही. एवढं बघायला अर्धं मिनिट लागतं!

एमआरआयमध्ये खांद्याच्या सुप्रास्पायनेटस स्नायूचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा पट्टा, फाटलेलं निघालं, स्नायूत चरबीही शिरलेली. टेंडन शिवलं तरी ही चरबी सहसा जात नाही. म्हणून वाया गेलेला काळ मला अजून बोचतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी मला हात न टेकता खुर्चीवरून पाचदा उठबस करायला लावली, मुठीचं बळ मोजलं. 2019 च्या आशियाई निकषांप्रमाणे उठबशीला 12 सेकंद किंवा जास्त लागले, किंवा पकड बायकांत 18 आणि पुरुषांत 28 किलोच्या खाली असली, तर सार्कोपेनियाची शंका घ्यायची. म्हणजे वयानुसार स्नायू घटणं. याचा खांद्याशी संबंध असा: खांद्याची वाटी उथळ असते. सुप्रास्पायनेटस धरून चार लहान स्नायू हाडाचा गोळा तिच्यात धरून ठेवतात. ते दुबळे झाले की गोळा वर सरकतो आणि वयाने आधीच झिजलेल्या टेंडनवर ताण येतो. अंगभर स्नायू घटल्यामुळेच टेंडन फाटतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही. पण दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकत्र दिसतात.

रिपोर्ट घेऊन मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. ‘म्हणजे वयच ना,’ म्हणाले. दिलगिरीचा शब्द नाही.

तेव्हा, ‘माझा हात तुम्ही उचलून बघा’ असं स्पष्ट म्हणा. निदान होईपर्यंत मालीशवाल्याला खांदा ओढू देऊ नका. स्नायू टिकवायला पातळ वरणावर भागत नाही: उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला साठ-बहात्तर ग्रॅम. अंड्यात सुमारे सहाच असतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नुसतं चालून खांदा बळकट होत नाही. रबरी पट्ट्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली शिका. आणि पडल्यावर हात एकदम उचलेनासा झाला, तर गोळ्यांवर दिवस काढू नका. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. ताजं फाटलेलं टेंडन लवकर शिवलं तर चांगलं जुळतं.