विचारपूस आणि संशोधन : वस्तीच्या आरोग्याचा एक पाठ

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसला. तथागतांनी प्रथम त्यालाच विचारले, तुला काय होत आहे? तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय? मग आनंदाच्या मदतीने त्याला पाण्याने स्वच्छ करून मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्खूंना एकत्र करून, त्याची सेवा का झाली नाही याचे कारण विचारले आणि रुग्णसेवेचा नियम घालून दिला. आधी रुग्णाला विचारणे, मग समाजाला विचारणे, कारण शोधणे आणि शेवटी नियम बदलणे, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आज ज्याला लोकसहभागी आरोग्य संशोधन म्हणतात, त्याचे सार याच क्रमात आहे.

आपल्या वस्त्यांना संशोधन नवे नाही. कोणीतरी येतो, अर्ज भरून घेतो, निघून जातो. निष्कर्ष मात्र वस्तीला कधीच कळत नाहीत. लोकसहभागी पद्धतीत प्रश्न ठरविण्यापासून निष्कर्ष परत सांगण्यापर्यंत वस्तीचा वाटा असतो.

हा वारसा आपल्याला परका नाही. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती आकडेवारीसह मांडली. गाऱ्हाणे दुर्लक्षिता येते. पुराव्याला मात्र उत्तर द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आता जवळचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, तेव्हाच्या पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर कौला बंदर ही वस्ती आहे. ती अधिसूचित नसल्याने पालिकेच्या नळाचा हक्क तिला नव्हता. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी स्थापन केलेल्या ‘पुकार’ या संस्थेने तेथे अभ्यास केला. सामान्य तरुणांना प्रशिक्षण देऊन ‘बेअरफूट’, म्हणजे अनवाणी, संशोधक घडविण्याची या संस्थेची रीत आहे. संशोधन करणे हाही नागरिकाचा हक्क आहे, असे अप्पादुराई मानतात.

2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने काय दाखविले? खासगी विक्रेत्यांकडून मिळणाऱ्या पाण्यासाठी येथील गरिबांना पालिकेच्या दराच्या पन्नास पटींहून अधिक पैसे मोजावे लागत होते. पावसाळ्यात मूळ स्रोताच्या पाण्याचे निम्मे नमुने दूषित निघाले. इतर ऋतूंत स्रोत शुद्ध असूनही घरात साठविलेले पाणी दूषित आढळले. पाणी अनियमित आले की ते साठवावे लागते आणि साठविले की ते बिघडते. ‘हे लोक अस्वच्छ राहतात’ या नित्याच्या आरोपाला हे उत्तर होते. दोष सवयीपेक्षा व्यवस्थेत अधिक होता.

याच काळात पाणी हक्क समितीने न्यायालयात स्वतंत्र लढा दिला. 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने संविधानाच्या कलम 21 मधील जीवनाच्या हक्कात पाण्याचा हक्क येतो असे मानून, अनधिकृत वस्त्यांनाही पाणी देण्याचे धोरण आखण्यास महापालिकेला सांगितले. 1927 च्या महाडनंतरही पाण्याचा प्रश्न मानवी हक्काचाच राहिला आहे.

संशोधन आपल्या इच्छेला नेहमीच दुजोरा देत नाही, हेही शिकले पाहिजे. ‘स्नेहा’ या संस्थेने मुंबईतील 48 वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत महिलांचे गट चालवून माता-बालकांच्या आरोग्यात फरक पडतो का, हे तपासले. नवजात बालकांचे मृत्यू त्यामुळे घटल्याचे दिसले नाही आणि 2012 मध्ये हा निष्कर्ष तसाच प्रसिद्ध झाला. तपासल्याशिवाय स्वीकारू नये, ही कालामांना दिलेली शिकवण येथेही लागू पडते.

आता आपल्या भिवंडीकडे पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सात लाखांहून अधिक आहे. यंत्रमागाच्या खोलीत कापसाचे तंतू आणि कानठळ्या बसविणारा आवाज. पाळीनुसार एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारे, ‘बिसी’त जेवणारे परप्रांतीय कामगार. अशा कोंदट जागी क्षयरोगाला वाव मिळतो. 2022 मध्ये मुंबईसह भिवंडीतही गोवराचा उद्रेक झाला. लस उपलब्ध असूनही कोणत्या घरापर्यंत ती पोहोचली नाही आणि का, हे त्या गल्लीत राहणाऱ्याइतके कोणाला विचारता येईल?

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी परिचारिका, शिक्षक, आशा कार्यकर्त्या, अभियंते, वकील आहेत. आपापल्या वस्तीतील एकच प्रश्न निवडावा. पाणी, लसीकरण किंवा यंत्रमाग कामगाराचा खोकला. धर्म, जात, प्रांत न पाहता प्रत्येक घरी जावे. संमती घ्यावी, नावे गुप्त ठेवावीत, जाणकार डॉक्टरांचे मार्गदर्शन घ्यावे. निष्कर्ष प्रथम वस्तीच्या सभेत वाचून दाखवावेत आणि मगच महापालिकेकडे न्यावेत.

या वसतिगृहात आजारी सोबत्याच्या उशाशी आपण रात्री जागविल्या आहेत. ती विचारपूस आता वस्तीपर्यंत न्यावी, हीच मंगलकामना.

जय भीम! नमो बुद्धाय!