वाट विचारायची कशी?

ट्रेकची माहिती मिळवायची तर एसटीच्या मागच्या सीटवर बसावं. तिथे मोठ्या सॅक घेतलेली, बुटांना चिखल लागलेली मंडळी हमखास भेटतात. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याला वाटा जास्त माहीत, असा माझा अनुभव आहे. स्वतःची गाडी असलेला माणूस पार्किंगपासून गुहेपर्यंत चालतो आणि परत जातो. एसटीवाला मात्र फाट्यावर तासभर गाडीची वाट बघतो, गावात कुणाच्या तरी घरी जेवतो आणि त्या गप्पांत त्याला डोंगरामागची वाट कळते. (आम्हा मुलींना 2023 पासून एसटीत अर्धंच तिकीट आहे, त्यामुळे ही मागची सीट अजूनच परवडते!)

मागच्या सप्टेंबरमध्ये आम्ही चौघी नाणेघाटाला निघालो होतो. कल्याणहून माळशेजकडे जाणारी एसटी पकडायची, वैशाखऱ्याच्या पुढे उतरायचं आणि जंगलातून चढायचं. सातवाहनांच्या काळातली ही व्यापारी वाट. वर गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे आणि शेजारी जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. पण जुन्नर-घाटघरकडून वर थेट गाड्या येतात, त्यामुळे पावसाळ्यात तिथे जत्राच असते. बसमध्ये तीन दादा भेटले. ते म्हणाले, "गर्दीत काय करताय? बाजूच्या जीवधनवर जा. कल्याण दरवाजाची वाट भारी आहे. तासाभरात वर."

आम्ही विचारलं, "कसं आहे?" तेही म्हणाले, "एकदम भारी!" झालं. आमची चौकशी संपली.

जीवधनच्या पायऱ्या मधे तुटलेल्या आहेत. तिथे उभा कातळ लागतो. शेवाळ इतकं होतं की हात ठेवला की घसरायचा. माझी रूममेट सगळ्यात पुढे होती. ती अर्ध्यात अडकली. वर पाय पोचेना, खाली दिसेना. पंधरा मिनिटं ती कातळाला चिकटून उभी होती आणि आम्ही खालून "डावा पाय, डावा पाय" ओरडत होतो. तिचे गुडघे थरथरत होते ते मला अजून दिसतात. शेवटी कशीबशी बसत, घसरत ती उतरली. कोपर सोलपटलं, बाकी काही नाही. पण त्या पंधरा मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही.

खाली घाटघरचे एक काका गुरं चारत होते. ते शांतपणे म्हणाले, "पावसाचं आमी पन दोराबिगर नाय जात, पोरींनो." मग घरी नेऊन पिठलं-भाकरी खाऊ घातली.

त्या दादांचा नंबर घेतला होता म्हणून फोन केला. ते गेले होते जानेवारीत, आणि त्यांच्याकडे दोर होता! त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं. लॅबमध्ये रीडिंगबरोबर टेम्परेचर लिहिलं नाही तर सर जर्नल परत फेकतात, मग वाटेचं रीडिंग घेताना महिना का विचारू नये?

तेव्हापासून "कसं आहे?" हा प्रश्न मी सोडलाय. मी विचारते, कुठल्या महिन्यात गेलात? किती वाजता निघालात नि किती वाजता खाली आलात? पाणी कुठे भरलंत, बरोबर काय सामान होतं? आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे, चुकलात कुठे? या प्रश्नावर माणसं आधी हसतात, मग खरं सगळं सांगतात. जो म्हणतो "आम्ही कुठेच चुकलो नाही", त्याच्या वाटेने मी जात नाही. पायथ्याच्या गावात मात्र परत विचारायचंच. गावकऱ्यांचा "अर्धा तास" आपल्या पायांना एक तास धरावा.

जानेवारीत आम्ही परत गेलो. दोर होता, काकाही बरोबर होते. तासाभराची वाट आम्हाला दोन तास लागली. वर धान्याची कोठारं आहेत, आत टॉर्चशिवाय काही दिसत नाही. कड्यावर आडवं झोपून पाहिलं तर समोर वानरलिंगीचा सुळका सरळ उभा! आख्ख्या गडावर आम्ही पाच माणसं.

दोर सध्या लेडीज हॉस्टेलमध्ये माझ्या कॉटखाली आहे. हवा असेल तर मागा, पण तो बांधता येणारं कुणी बरोबर असेल तरच देईन.