आर्नोल्डची मधली सात वर्षं

प्रश्न : आर्नोल्ड श्वार्झनेगरने शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा सोडल्या आणि हॉलिवूडने त्याला लगेच उचललं, असं आमच्या व्यायामशाळेत सगळे सांगतात. इतकं सोपं होतं का ते?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मुळीच नव्हतं. 1975 मध्ये सलग सहाव्यांदा मिस्टर ऑलिम्पिया हा शरीरसौष्ठवाचा किताब जिंकून त्याने निवृत्ती जाहीर केली. ज्याने तो खऱ्या अर्थाने नायक झाला तो ‘कोनन द बार्बेरियन’ आला 1982 साली. मधल्या सात वर्षांबद्दल व्यायामशाळेत कुणी बोलत नाही, आणि मला तर तीच जास्त मोलाची वाटतात.

पहिला सिनेमा त्याने स्पर्धा सोडण्याआधीच केला होता. 1970 च्या ‘हर्क्युलिस इन न्यूयॉर्क’मध्ये त्याचं नाव ‘आर्नोल्ड स्ट्राँग’ असं छापलं, आणि उच्चार ऑस्ट्रियन म्हणून त्याचे संवाद दुसऱ्याच्या आवाजात भरले! पुढे ‘स्टे हंग्री’साठी दिग्दर्शक बॉब राफेलसनने त्याला वजन उतरवायला लावलं. एरिक मॉरिसकडे तो अभिनयाचे धडे घ्यायला लागला. ज्या दंडांसाठी आणि छातीसाठी घाम गाळला, तीच आता कमी करायची. बरं, चित्रीकरण उरकल्यावर काही महिन्यांत तेच शरीर पुन्हा कमावून 1975 च्या मिस्टर ऑलिम्पियासाठी प्रिटोरियाच्या मंचावर उभं राहायचं. निवृत्तीआधीचा तो शेवटचा किताब त्याने असा जिंकला. त्या जिद्दीला मी मनापासून मानतो. ‘स्टे हंग्री’ने त्याला पदार्पणाचा गोल्डन ग्लोबही मिळवून दिला.

तरी कामाची रांग लागली नाही. मग तो तग कसा धरू शकला? गवंडीकामामुळे. फ्रँको कोलंबू हा त्याचा जिवलग मित्र, स्वतः मिस्टर ऑलिम्पिया झालेला. दोघं मिळून विटांच्या बांधकामाची कामं घ्यायचे. 1971 च्या भूकंपानंतर लॉस एंजेलिसच्या परिसरात पडलेल्या भिंती आणि धुराडी नव्याने बांधायला माणसं हवीच होती. आलेला पैसा आर्नोल्डने भाड्याने द्यायच्या इमारतींमध्ये घातला. सिनेमात नाव होण्याआधीच तो पैशाने भक्कम झाला होता, त्यामुळे पडेल ती भूमिका पत्करायची पाळी आली नाही.

‘कोनन’ला तेच अवाढव्य शरीर हवं होतं. त्याच तयारीत असताना 1980 मध्ये तो सिडनीच्या मिस्टर ऑलिम्पिया स्पर्धेत अचानक उतरला आणि सातवा किताब घेऊन गेला. त्या निकालावर आजही वाद होतात. आणि एकेकाळी अडचण ठरलेले त्याचे जड उच्चारच 1984 च्या ‘टर्मिनेटर’मध्ये यंत्रमानवाला शोभून गेले.

पैशाची समज पुढेही कामी आली. 1988 च्या ‘ट्विन्स’साठी त्याने आगाऊ मानधन न घेता नफ्यातला वाटा मागितला. स्टुडिओला विनोदी भूमिकेत तो चालेल याची खात्री नव्हती, त्याला होती. सिनेमा तुफान चालला.